शांत म्हणजे सज्जन नव्हे

2 ऑगस्ट 2016 रोजी गोदावरीला मोठा पूर आला, त्या दिवशी मी नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानात होतो. नाशिकात पुराचे माप फुटांत किंवा क्युसेकमध्ये फारसे कुणी सांगत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, यावरून बाजार काय ते समजतो. ‘गुडघ्याच्या वर गेलं’ अशी बातमी आली आणि दुकानाच्या दोन भावांपैकी थोरल्याने आरडाओरडा सुरू केला. तो हमालांवर ओरडला, भावावर ओरडला, धरणातून पाणी सोडणाऱ्यांना त्याने शिव्या घातल्या आणि ओरडता ओरडताच तांब्याचे हंडे माळ्यावर चढवायला घेतले. धाकटा पायरीवर बसून चहा पीत होता. ‘कमरेला लागू दे, मग बघू,’ एवढेच तो म्हणाला. एकाच आईबापांची मुले, एकच दुकान, एकच पाणी. बाजाराचा या दोघांविषयीचा निवाडा मात्र कित्येक वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे: थोरला भांडकुदळ, धाकटा देवमाणूस.

हा निवाडा चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि तो का चुकतो हे सांगण्यासाठी आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो ते तीन शब्द आधी वेगळे करावे लागतील. पहिला शब्द पिंड. काहीही घडताच मन आणि शरीर किती लवकर, किती जोराने आणि किती वेळ हलते, याची जी बरीचशी उपजत ठेवण असते, तिला पिंड म्हणू. दुसरा शब्द वृत्ती, म्हणजे घडलेल्या गोष्टीचा माणूस कोणता अर्थ लावतो आणि तिला कसा सामोरा जातो. तिसरा शब्द शील, ज्याला आपण चारित्र्यही म्हणतो. वेळ आली असता, विशेषतः कुणी पाहत नसता, माणूस काय करतो आणि वर्षानुवर्षे काय करत आला आहे, ते शील. बोलताना या तिन्हींना मिळून आपण ‘स्वभाव’ म्हणतो आणि ‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून विषय संपवतो. ती म्हण पिंडापुरती निम्मीअर्धी खरी आहे. बाकी दोघांच्या बाबतीत ती सोयीची पळवाट आहे.

आपली भाषा खरे तर हा भेद ओळखते. 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीचा एक मोठा शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे जवळजवळ 18,000 शब्द वेचून काढले होते. मराठीत तसे कुणी बसले तर तापट, उतावळा, घुमा, बुजरा, चळवळ्या हे शब्द पिंडाच्या ढिगात जातील; संशयी, रडतराऊ, आशावादी हे वृत्तीच्या; आणि लबाड, कृतघ्न, सचोटीचा, शब्दाचा पक्का हे शीलाच्या. ‘भिडस्त’ हा शब्द कोणत्या ढिगात टाकावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यात उपजत बुजरेपणा आहे, ‘लोकांना काय वाटेल’ असा एक अर्थ लावण्याची खोड आहे, आणि जिथे नाही म्हणायलाच हवे होते तिथे मान डोलावल्याची वर्षानुवर्षांची थकबाकीही आहे.

पिंडाचा विचार फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने शरीरातल्या चार द्रवांवरून माणसांचे चार प्रकार सांगितले. आपल्याकडे आयुर्वेदाने वात, पित्त, कफ यांवरून प्रकृती सांगितली आणि सांख्यांनी सत्त्व, रज, तम या तीन गुणांवरून. गेलनच्या द्रवांचे शरीरशास्त्र केव्हाच मोडीत निघाले, पण माणसे जन्मतःच वेगवेगळ्या वेगाची आणि वेगवेगळ्या धगीची असतात, हे त्यामागचे निरीक्षण टिकले.

ते पद्धतशीरपणे तपासण्याचे मोठे काम न्यूयॉर्कमध्ये 1956 मध्ये सुरू झाले. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने 133 मुले तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. मूल किती हालचाल करते, त्याची भूक आणि झोप किती नियमित आहे, नव्या माणसाकडे ते झेपावते की मागे सरते, रडले तर किती जोराने रडते, हाती घेतलेल्या गोष्टीला किती वेळ चिकटून राहते, अशा एकूण नऊ बाबी त्यांनी नोंदवल्या. त्यांतून त्यांना सुमारे 40 टक्के मुले सहज रुळणारी, 10 टक्के सांभाळायला अवघड, आणि 15 टक्के हळूहळू खुलणारी अशी दिसली. उरलेली 35 टक्के मुले कोणत्याच खणात बसेनात. माझ्या मते त्या अभ्यासातली ही सर्वांत प्रामाणिक नोंद आहे, कारण माणसांचे प्रकार पाडणाऱ्यांना असे न बसणारे लोक लपवण्याचा मोह नेहमी होतो.

पुढे हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवली, त्यांना अनोळखी आवाज ऐकवले, वास दिले. साधारण पाचांतले एक बाळ हातपाय झाडून रडू लागले, तर पाचांतली दोन निवांत पडून पाहत राहिली. पहिल्या गटातली मुले पुढे बुजरी आणि सावध होण्याची शक्यता अधिक आढळली. धोक्याची चाहूल लागताच जागा होणारा मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग अशा मुलांत लवकर चाळवतो, असे केगन यांचे म्हणणे होते. तरीही रडणाऱ्या बाळांतली सगळीच काही बुजरी झाली नाहीत. ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ हे खरे, पण पायच दिसतात; ते कुठे चालत जातील, हे पाळण्यावरून कळत नाही.

इथे आनुवंशिकतेचा एक आकडा हमखास फेकला जातो, म्हणून तोही नीट समजून घेऊ. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की व्यक्तिमत्त्वाच्या गुणांतील माणसामाणसांमधला फरक साधारण 40 ते 50 टक्के जनुकीय फरकांशी जोडता येतो. याचा अर्थ तुमचा अर्धा राग वडिलांकडून आणि अर्धा शेजाऱ्यांकडून आला, असा होत नाही. हा आकडा लोकांच्या समूहातील फरकांविषयी आहे. एका माणसाचे असे तुकडे पाडता येत नाहीत.

निफाड किंवा दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावण्याची गरज पडू नये. त्याच्या बागेत मातीत मुळे रोवून उभा असतो तो बहुधा डॉगरिजचा खुंट, मूळचा अमेरिकेतला. त्यावर कलम केलेले असते थॉमसनचे किंवा दुसऱ्या कुठल्या वाणाचे. खुंट काटक असतो. क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण तो सोसतो, आणि वेलीला जोर देतो. हा जोर मात्र कधीकधी अंगावर येतो: नुसती पाने आणि काड्या माजतात, घड कमी लागतात. मग बागायतदार पाणी तोडतो, शेंडा मारतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतो. खुंट बदलायला तो जात नाही, आणि खुंटाला दोषही देत नाही. द्राक्ष गोड आहे की आंबट, हे मात्र कुणी खुंट चाखून ठरवत नाही. पिंड हा खुंट आहे. उपमा इथवरच ताणावी, कारण वेलीला स्वतःची छाटणी करता येत नाही आणि माणसाला थोडीफार येते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथे निग्रह काय करणार, अशा अर्थाचा तेहतिसावा श्लोक आहे. आपला राग माफ करून घेऊ इच्छिणारी मंडळी तो नेमकी पाठ करतात. लगेच पुढचा चौतिसावा श्लोक आवड आणि नावड यांच्या आहारी जाऊ नकोस असे सांगतो. तो फारसा कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

आता वृत्तीकडे येऊ. द्राक्षाची काढणी आठ दिवसांवर आली असताना अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले, व्यापाऱ्याने फोन उचलणे बंद केले. ‘आमच्या नशिबातच नाही, यापुढेही असंच होणार, मी बाग लावायलाच नको होती,’ असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘या वर्षीचं गेलं. बेदाण्याला काही जातं का बघू.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी या दोन बोलण्यांतला फरक तीन प्रश्नांत मांडला: आलेले संकट कायमचे वाटते की तात्पुरते, ते सगळे आयुष्य व्यापते की एका कोपऱ्यापुरते राहते, आणि त्याचे कारण माणूस केवळ स्वतःत शोधतो की बाहेरही पाहतो. संकट तेच असते, पण पहिला अर्थ लावणाऱ्याचे हात थांबतात आणि दुसऱ्याचे चालत राहतात. असे दहा हंगाम गेले की दोघांचे जगाकडे पाहणे इतके वेगळे होते की ते एकाच तालुक्यात राहतात यावर विश्वास बसू नये.

ज्युलियन रॉटर या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये याच्या शेजारचा एक भेद प्रसिद्ध केला: आपल्या आयुष्याचा लगाम आपल्या हाती आहे असे मानणारी माणसे आणि तो नशिबाच्या किंवा दुसऱ्याच्या हाती आहे असे मानणारी माणसे. पहिल्या प्रकारची माणसे साधारणपणे अधिक खटपट करतात. पण हा भेद सांगताना लासलगावच्या कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विसरू नये. भाव त्याच्या हाती नाही, निर्यातीचा निर्णय तर नाहीच. आणि तो तसे म्हणत असेल, तर ती पराभूत वृत्ती नसून वस्तुस्थितीचे अचूक वाचन आहे. सकारात्मक राहा, असे त्याला व्यासपीठावरून सांगणाऱ्यांची मला चीड येते. वृत्तीने कर्ज फिटत नाही. तसेच आठवडेच्या आठवडे झोप उडालेल्या, कशातच गोडी न उरलेल्या माणसाला वृत्ती बदलण्याचा उपदेश करणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला थंड राहायला सांगणे होय. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो.

वृत्तीविषयी आणखी एक सावधगिरी हवी. माणूस जी वृत्ती बोलून दाखवतो, तसाच तो वागेल असे नाही. रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकेत हजारो मैल प्रवास केला. तेव्हा तिथे चिनी लोकांविषयी उघड आकस होता. सुमारे 250 हॉटेलांत आणि खाणावळींत ते गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का, असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांनी नाही म्हटले. हा अभ्यास 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बहुधा उलटा अनुभव येतो: आम्ही जातबीत मानत नाही, असे गच्चीवरच्या गप्पांत सांगणारे घरमालक भाडेकरूचे आडनाव ऐकून खोली कालच गेल्याचे सांगतात.

म्हणूनच शीलाचा पत्ता बोलण्यातून लागत नाही, आणि चेहऱ्यावरच्या शांतपणावरून तर मुळीच नाही. मी वर सांगितलेल्या दुकानात तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले तेव्हा गुडघाभर गाळात वीस-पंचवीस भांडी अशी निघाली, जी त्यांची नव्हती. शेजारच्या दुकानांतून वाहत आलेले स्टीलचे डबे, दोन पितळी पराती, एक कळशी. काहींवर भिजलेल्या चिठ्ठ्या अजून चिकटून होत्या. धाकटा नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, ‘राहू दे रे दादा, आपलंही कुठंतरी वाहून गेलंच असेल. आत्ता कुणाकुणाला विचारत बसायचं?’ यात लबाडी नव्हती. त्याला कटकट नको होती, एवढेच. थोरल्याने यावर सगळी आळी ऐकेल एवढा आवाज चढवला, भांडी एका गोणीत भरली आणि चिखलातून दुकानोदुकानी जाऊन ज्याची त्याला दिली. देताना त्याने निम्म्या लोकांना, माल वेळेवर वर चढवला नाही म्हणून झाडलेही. कळशीचा मालक सापडला नाही, तेव्हा ती कळशी सहा महिने दुकानाच्या दारात ठेवलेली मी पाहिली आहे.

धाकटा वाईट माणूस आहे असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते हे की प्रत्येक पिंडाचा मोह वेगळा असतो. तापट माणसाला दुखावण्याचा मोह होतो, भित्र्याला खोटे बोलण्याचा, उतावळ्याला मधले टप्पे गाळण्याचा, आणि शांत माणसाला अंग काढून घेण्याचा. शांत माणसाचा मोह कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण त्याचा आवाज होत नाही. थोरल्याच्या तोंडाने दुखावलेली माणसे बाजारात मोजता येतील. धाकट्याच्या गप्प बसण्याने कुणाचे काय गेले, हे कुणी मोजलेले नाही. शील घडते ते या मोहाच्या क्षणी माणूस पुन्हा पुन्हा काय करतो त्यातून, आणि आपापल्या पिंडाचा मोह ओळखता येणे ही त्याची पहिली पायरी असावी.

शीलही आपण समजतो तेवढे एकसंध नसते. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी 1920 च्या दशकात अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांना फसवणुकीची संधी मिळेल अशा चाचण्या दिल्या, तेव्हा एका चाचणीत प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत सर्रास फसवताना दिसले. वजनात एक ग्रॅम न मारणारा व्यापारी बिलाशिवाय विक्री करतो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही, हे आपणही पाहतो. तेव्हा ‘तो प्रामाणिक आहे’ या वाक्याला ‘कशात?’ असा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

परिस्थिती विसरून सगळे स्वभावावर ढकलणे किती सोयीचे असते, याचा दाखला पंचवटीतच आहे. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तो पुढे सुमारे पाच वर्षे चालवला. दरवाजे उघडले नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. या पाच वर्षांत कुणाचे पिंड बदलले नव्हते. बंद दरवाजाचा अर्थ बदलला होता. पिढ्यान्पिढ्या ज्यांना ‘सोशिक’ म्हटले गेले, त्यांचा सोशिकपणा किती उपजत होता आणि किती लादलेला, हा प्रश्न दरवाजा बंद ठेवणाऱ्यांना कधी पडला नाही. घराघरांतल्या ‘समजूतदार’ सुनांविषयीही हाच प्रश्न विचारता येईल.

हे सगळे वयाबरोबर बदलते का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये लिहिले होते की बहुतेकांचे चारित्र्य तिशीपर्यंत प्लास्टरसारखे घट्ट होऊन जाते. ते तितकेसे खरे ठरले नाही. 2006 मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी तीच माणसे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या 92 गटांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा जबाबदारीने वागणे आणि मनाचे स्थैर्य सर्वसाधारणपणे वाढत जाते, आणि त्यातला बराचसा बदल विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतो, असे दिसले. नोकरी, संसार, मुले, हप्ते यांनी माणूस घासला जातो, हे त्याचे एक कारण दिले जाते. तापट माणूस चाळिशीत थंड होतो असे मात्र नाही. ठिणगी तशीच पडते, ती पडल्यावर दोन श्वास थांबायला तो शिकलेला असतो, इतकेच. दुकानातला थोरला हल्ली रागावला की आधी पाणी पितो. पाणी पिऊन झाल्यावर ओरडतो.

थॉमस आणि चेस यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी पालकांच्या सर्वाधिक उपयोगाची आहे. मूल पुढे अडचणीत येते की नाही, हे निव्वळ त्याच्या पिंडावर ठरत नाही. तो पिंड आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरेच अवलंबून असते. माझ्या भाचीला सात वर्षांची असताना उन्हाळ्यात पोहायला घातले. गंगापूर रोडवरच्या एका तलावावर पहिल्या दिवशी सरांनी सगळ्या मुलांना ओळीने पाण्यात उतरवले, तेव्हा ही काठाचा पाइप धरून उभी राहिली ती सुटेचना. तिच्या वडिलांनी आधी समजावले, मग आमिष दाखवले, मग ‘बघ, तो तुझ्यापेक्षा लहान आहे’ असे म्हणून पाहिले. तिची बोटे पांढरी पडली होती. तिसऱ्या दिवशी सर वडिलांना म्हणाले, ‘साहेब, तुम्ही उद्यापासून बाहेरच्या बाकावर बसा.’ मग त्यांनी तिला काठावर बसवले, पाय पाण्यात सोडायला सांगितले आणि तिच्याकडे पाहिलेही नाही. ती चार दिवस तशी बसून होती. कोण कसे उतरते, कुणाच्या नाकातोंडात पाणी जाते, मग काय होते, हे सगळे ती निरखत होती. रात्री घरी आल्यावर आम्हाला त्याचे बारकाईने वर्णन करून सांगत होती. आठव्या दिवशी ती कुणी न सांगता उठली, पाठमोरी वळून शिडीने उतरली आणि गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली. आता ती बारा वर्षांची आहे आणि तलावाच्या दहा-दहा फेऱ्या मारते. उडी ती अजूनही मारत नाही. शिडीनेच उतरते, आणि सर तिला उडी मार असे म्हणत नाहीत.